जागेपणाचा ठावठिकाणा

१९१६-१७ चा हिवाळा. पहिल्या महायुद्धाचे तिसरे वर्ष. व्हिएन्नाच्या मनोविकार चिकित्सालयात कुठल्याच ठाऊक असलेल्या रोगात न बसणारे रुग्ण दाखल होऊ लागले होते. थोडा ताप, डोकेदुखी आणि मग झोप. बसल्या जागी झोप, उभ्या उभ्या झोप, जेवताना घास तोंडात असतानासुद्धा झोप. हाक मारून हलवले तर रुग्ण डोळे उघडत, विचारलेल्याचे सरळ उत्तर देत. बोलणे थांबले की पुन्हा त्याच झोपेत बुडत. पापण्या लोंबत, बुबुळे हवी तशी फिरत नसत. काही जण आठवडेच्या आठवडे असे पडून राहत. कित्येक जण त्यातच दगावत.

हे रुग्ण तपासणारे डॉक्टर होते कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो. घराणे ग्रीक, जन्म रुमानियातला, बालपण ट्रिएस्टमध्ये, वैद्यकाचे शिक्षण व्हिएन्नात. विमानोड्डाणाच्या अगदी सुरुवातीच्या काळात त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळवला होता आणि युद्धात आघाडीवर विमानही चालवले होते. भाऊ युद्धात पडल्यावर आईवडिलांच्या आग्रहाखातर ते १९१६ मध्ये व्हिएन्नाला परतले आणि डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करू लागले. १७ एप्रिल १९१७ रोजी त्यांनी व्हिएन्नातील मेंदूतज्ज्ञांपुढे या नव्या रोगाचे वर्णन मांडले आणि त्याला ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’ असे नाव दिले. पुढची दहा वर्षे ही साथ युरोप-अमेरिकेत धुमसत राहिली आणि आली तशी ओसरली. तिचे कारण आजतागायत नक्की ठरलेले नाही.

इकोनोमोंचे मोठेपण रोगाला नाव देण्यापुरते नव्हते. आपल्या रुग्णांमध्ये एक उलटा गट आहे, हे त्यांनी हेरले. बहुतेकांना झोप आवरत नव्हती, पण काहींना ती येतच नव्हती. अंग सतत वळवळे, रात्रभर तळमळ चाले, थकून शरीर गळून गेले तरी डोळा लागत नसे. एकाच रोगाची ही दोन परस्परविरोधी रूपे कशी? उत्तर शवविच्छेदनाच्या टेबलावर मिळाले. झोपाळू रुग्णांच्या मेंदूत सूज होती ती मध्यमेंदू आणि हायपोथॅलॅमसचा मागचा भाग जिथे जुळतात तिथे. ज्यांची झोप उडाली होती त्यांच्यात ती हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात आढळली. दोन्ही ठिकाणे मेंदूच्या तळाशी, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर. म्हणजे माणसाला जागे ठेवणारी एक जागा आहे आणि झोपवणारी दुसरी. आजार कुठे बसला यावर माणूस झोपेत बुडणार की जागरणात जळणार हे ठरत होते.

हा निष्कर्ष त्या काळच्या समजुतीला छेद देणारा होता. जाग बाहेरून येते, असे तेव्हा बहुतेकांना वाटे. डोळे, कान, त्वचा यांतून संवेदनांचा ओघ मेंदूत येत राहतो, तोवर माणूस जागा. ओघ आटला की झोप. यामागे पुरावाही होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाइपझिगमध्ये आडोल्फ श्ट्र्युम्पेल यांनी एका तरुण रुग्णाचे वर्णन केले होते. त्याच्या शरीराची जवळजवळ सारी संवेदना गेली होती. एक डोळा आणि एक कान तेवढे काम करत होते. तो डोळा झाकला आणि कान बंद केला की तो थोड्याच वेळात झोपी जाई. ही नोंद वाचणाऱ्याला वाटणारच की मन म्हणजे जगाने आत ओतलेला प्रकाश आहे. इकोनोमो म्हणत होते की त्या प्रकाशासाठी लागणारी जाग मेंदू स्वतः आतून निर्माण करतो.

१९२९ च्या अखेरीस त्यांनी न्यूयॉर्कमधील व्याख्यानात हा विचार सविस्तर मांडला. तो पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाला आणि १९३१ मध्ये, ५५ व्या वर्षी, ते वारले. त्यांच्या मांडणीत एक उणीव राहिली होती. मृत मेंदूतली सूज दिसत होती, पण जिवंत मेंदू या क्षणी झोपला आहे की जागा आहे, हे त्याच्याच आतून सांगणारे साधन त्यांच्यापाशी नव्हते. ते साधन तोवर दुसऱ्या गावात जन्माला आले होते.

त्या गावाचे नाव येना. तिथले मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांच्या साऱ्या संशोधनामागे तरुणपणातला एक प्रसंग होता. लष्करी सेवेत असताना घोडा उधळून ते खाली पडले आणि तोफेच्या गाड्याखाली चिरडता चिरडता वाचले. त्याच दिवशी संध्याकाळी वडिलांची तार आली: तू सुखरूप आहेस ना? दूर घरी असलेल्या बहिणीला भावावर संकट आल्याची भावना अचानक झाली होती आणि तिनेच वडिलांना तार करायला लावले होते. मनातल्या हालचालींना काही भौतिक ऊर्जा असली पाहिजे आणि ती मोजता आली पाहिजे, या विचाराने बर्गर यांना तेव्हापासून पछाडले. त्यांनी कवटीतल्या रक्तप्रवाहाची स्पंदने मोजली, मेंदूचे तापमान मोजले. हाती फारसे लागले नाही. प्राण्यांच्या मेंदूत विजेचे क्षीण प्रवाह असतात, हे लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच दाखवले होते. बर्गर त्याच वाटेने माणसाकडे वळले.

६ जुलै १९२४ रोजी, शस्त्रक्रियेमुळे कवटीचा काही भाग उघडा राहिलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून त्यांना पहिल्यांदा विजेची थरथर टिपता आली. व्होल्टचे जेमतेम काही लक्षांश. ही थरथर मेंदूचीच, की स्नायूंची, रक्तवाहिन्यांची, यंत्राची? या शंकेने त्यांना पाच वर्षे गप्प ठेवले. त्या काळात त्यांनी स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरूनही पुन्हा पुन्हा आलेख घेतले. अखेर १९२९ मध्ये त्यांनी आपला पहिला निबंध छापला. माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला की सेकंदाला सुमारे दहा लाटा उठतात. डोळे उघडले की त्या विरतात. डोळे मिटलेलेच ठेवून मनातल्या मनात गणित सोडवायला घेतले तरी त्या विरतात. मनाच्या अवस्थेबरोबर बदलणारी खूण प्रथमच कागदावर उमटली होती.

जर्मनीत त्यांच्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा मात्र जगाचे डोळे उघडले. एड्रियन दोनच वर्षांपूर्वी नोबेलने गौरवले गेले होते. त्यांनी या लाटांना बर्गर यांचेच नाव दिले. बर्गर यांचा शेवट दुःखद आहे. नाझी राजवटीत त्यांनी सक्तीच्या नसबंदीची प्रकरणे निकालात काढणाऱ्या न्यायालयात काम केले, हे डागाळलेले पान त्यांच्या चरित्रात आहे. १ जून १९४१ रोजी नैराश्याच्या गर्तेत त्यांनी आत्महत्या केली. मनाची ऊर्जा त्यांना कधी सापडली नाही. त्यांनी मागे ठेवलेले यंत्र आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयात ईईजी या नावाने वापरले जाते.

त्या लाटांचा अर्थ मात्र साध्या अपेक्षेच्या उलट निघाला. गाढ झोपेत लाटा उंच आणि संथ असतात. जागेपणी त्या बुटक्या, घाईच्या आणि विस्कळीत होतात. मेंदू जास्त काम करत असताना त्याची वीज कमी का दिसावी? एड्रियन यांनी कारण सांगितले: असंख्य पेशी एका ठेक्यात चालल्या की त्यांची बेरीज मोठी होते. दिंडीत शेकडो टाळ एका तालात वाजतात तेव्हा नाद दूरवर पोचतो; तेच वारकरी मुक्कामाला विखुरले आणि आपापसांत बोलू लागले की दुरून नुसती कुजबुज ऐकू येते, पण त्या कुजबुजीत शेकडो वेगवेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात. जागा मेंदू त्या मुक्कामासारखा असतो. जाणिवेचा भौतिक प्रक्रियांशी काय संबंध आहे, याचा हा पहिला खरा धागा होता: प्रश्न विजेच्या प्रमाणाचा नसून तिच्यातल्या वैविध्याचा आहे.

आता साधन होते आणि प्रश्नही होता. ब्रसेल्सच्या फ्रेडरिक ब्रेमर यांनी १९३५ च्या सुमारास दोन्ही एकत्र आणले. त्यांनी मांजरांच्या मेंदूत दोन प्रकारचे छेद घेतले. पहिला छेद अगदी खाली, मेंदूचा देठ आणि मज्जारज्जू यांच्या सांध्यावर. शरीरापासून तुटलेला तो मेंदू नेहमीसारखा झोपे आणि जागा होई. बाहुल्या कधी विस्फारत, कधी मिटत, आणि आलेख त्याप्रमाणे बदले. दुसरा छेद वर, मध्यमेंदूतून. आता आलेखावर झोपेच्या संथ लाटा आल्या आणि त्या हटेनात. बाहुल्या फटीसारख्या बारीक झाल्या. हा मेंदू पुन्हा जागा झाला नाही.

ब्रेमर यांनी याचा अर्थ जुन्या समजुतीप्रमाणे लावला. वरच्या छेदाने चेहरा, कान, तोल यांच्याकडून येणाऱ्या संवेदना तुटल्या. ओघ आटला म्हणून झोप. अर्थ पटण्याजोगा होता. पण त्या छेदाने संवेदनांच्या वाटांबरोबर देठाचा गाभाही तुटला होता, याचा हिशेब कुणी केला नव्हता. संवेदनांच्या वाटा देठाच्या कडांनी वर जातात. मध्ये उरतो तो पेशी आणि तंतूंच्या गुंत्याने भरलेला भाग. शरीररचनेच्या पुस्तकांत त्याला जाळीदार रचना म्हणत. तिचे काम काय, याची फारशी कल्पना नव्हती.

ब्रेमर यांच्या प्रयोगशाळेत काम केलेला एक तरुण इटालियन, ज्युसेप्पे मोरुझ्झी, तिथून एड्रियन यांच्याकडे केंब्रिजला गेला होता. महायुद्ध संपल्यावर रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या मदतीने तो १९४८ मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पोचला. तिथे होरेस मॅगून होते. मॅगून यांचे गुरू स्टीफन रॅन्सन यांनी माकडांच्या हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागाला इजा केल्यावर ती झोपाळू होतात, हे १९३९ मध्ये दाखवले होते. इकोनोमोंनी मृत मेंदूत पाहिलेले सत्य जिवंत प्राण्यात सिद्ध झाले होते. व्हिएन्ना, ब्रसेल्स आणि केंब्रिजहून निघालेले धागे आता एका खोलीत आले.

दोघे खरे तर वेगळ्याच प्रश्नावर काम करत होते. लहान मेंदूला विजेचे झटके दिले तर हालचालींच्या केंद्रांवर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचे होते. मांजराला भूल दिलेली. आलेखावर झोपेच्या उंच, संथ लाटा. देठातल्या जाळीदार रचनेला विजेचे क्षीण पण भराभर ठोके दिले आणि लाटा नाहीशा झाल्या. रेषा सपाट. प्रथम त्यांना वाटले, मेंदूचे कार्य दाबले गेले. मग त्यांनी आलेखयंत्राची संवेदनक्षमता वाढवून पाहिली. सपाट वाटणाऱ्या रेषेत बारीक, घाईच्या, विस्कळीत लाटा भरलेल्या होत्या. तो जागेपणाचा आलेख होता. प्राणी भुलीखाली होता, बाहेरून काहीही नवे त्याच्या कानाडोळ्यांवर आले नव्हते, आणि तरी मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांवर जागेपणाच्या लाटा उमटल्या होत्या.

हा निबंध १९४९ मध्ये ईईजीला वाहिलेल्या एका नव्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात आला. डोनाल्ड लिंड्स्ली आणि मॅगून यांच्या गटाने लगोलग पडताळा घेतला. देठाच्या कडांवरच्या संवेदनांच्या वाटा तोडल्या आणि गाभा शाबूत ठेवला, तर मांजर जागे राहते. वाटा शाबूत ठेवून गाभा नष्ट केला, तर ते झोपेत बुडते. त्या मांजराच्या मेंदूपर्यंत आवाज पोचत होता. पोचलेल्या आवाजाला कुणी जागे नव्हते. ब्रेमर यांचा प्रयोग खरा होता, अर्थ बदलावा लागला. श्ट्र्युम्पेल यांच्या रुग्णाचेही कोडे सुटले: संवेदनांच्या वाटांचे फाटे या गाभ्यात शिरतात आणि त्याला चेतवतात, म्हणून सारी दारे बंद झाल्यावर त्याला झोप लागे. बत्तीस वर्षांपूर्वी व्हिएन्नातल्या झोपाळू रुग्णांनी जी जागा दाखवली होती, तिचे काम आता कळले.

१९५३ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात, सेंट मार्गरीट या डोंगराळ गावी, या कहाणीतली माणसे एकत्र जमली: एड्रियन, ब्रेमर, मोरुझ्झी, मॅगून आणि माँट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड. विषय होता मेंदू आणि जाणीव. प्रयोगशाळेच्या माणसांनी जाणिवेचे नावसुद्धा काढू नये, अशा काळात हे संमेलन भरले होते. पेनफिल्ड अपस्माराच्या रुग्णांवर, ते जागे असताना, शस्त्रक्रिया करत. मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा स्पर्श केला की रुग्णाचा हात हले. पण रुग्ण सांगे, हा मी हलवला नाही, तुम्ही हलवलात. पृष्ठभागाचे मोठे तुकडे काढले तरी माणसाची शुद्ध हरपत नाही, हा त्यांचा अनुभव होता. म्हणून जाणिवेचे मूळ खाली, देठाच्या वरच्या टोकाशी असले पाहिजे, असे त्यांना वाटे. त्या दिवसांत प्रश्न सुटल्यासारखा भासला असेल, तर नवल नाही.

पण त्याच वर्षी शिकागोत यूजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतली एक वेगळी अवस्था नोंदवली. डोळे मिटल्या पापण्यांखाली भराभर फिरतात, मेंदूचा आलेख जागेपणासारखा दिसतो, आणि अशा वेळी उठवले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. जगाची दारे लावलेली, तरी आत अनुभव चालू. त्याच्या नेमकी उलटी अवस्था १९७२ मध्ये ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी ‘लॅन्सेट’मध्ये वर्णिली. मेंदूला जबर इजा झालेला रुग्ण कोमातून बाहेर येतो, डोळे उघडतो, वेळेवर झोपतो, वेळेवर जागा होतो. देठ आपले काम करतो आहे. पण समोरच्याला ओळखण्याची, काही समजल्याची एकही खूण मिळत नाही. जाग आहे, जाणीव आहे का, ते बाहेरून कळत नाही. मोरुझ्झी-मॅगून यांना मिळाला होता तो जागेपणाचा ठावठिकाणा. त्या जागेपणी अनुभवणारे कुणी आहे का, हा प्रश्न आता त्यापासून वेगळा झाला.

हा प्रश्न मुंबईने फार जवळून पाहिला आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या अमानुष हल्ल्यानंतर, मेंदूला प्राणवायू न मिळाल्यामुळे, जवळजवळ ४२ वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी त्यांना जेनेट-प्लम यांनी वर्णिलेल्या अवस्थेचे बहुतेक निकष लागू पडतात, असे सांगितले. त्यांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची खात्री होती की आवडता पदार्थ भरवला की त्यांना कळते. मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने दयामरणाची मागणी फेटाळली आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्या रुग्णालयाच्या सेवकवर्गाकडे आहे, असे म्हटले. निकालाने कायदा घडवला. आत कुणी आहे का, या प्रश्नाचे उत्तर देण्याचे साधन मात्र कोर्टापाशी नव्हते.

ते साधन घडण्याची सुरुवात २००६ मध्ये झाली होती. केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन यांच्या गटाने, अपघातानंतर पाच महिने निपचित असलेल्या एका २३ वर्षांच्या तरुणीला मेंदूचे कार्य टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये ठेवून सांगितले: आपण टेनिस खेळतो आहोत अशी कल्पना करा. मग सांगितले: आपल्या घरात खोल्या-खोल्यांतून फिरतो आहोत अशी कल्पना करा. टेनिसच्या वेळी तिच्या मेंदूतील हालचाल योजणारा भाग उजळला, घराच्या वेळी जागांचे भान ठेवणारे भाग. अगदी निरोगी माणसासारखे. बोटही न हलवता तिने सांगितलेले ऐकले होते, समजून घेतले होते आणि पाळले होते. २०२४ मध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या पाहणीत, आज्ञांना बाह्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूत असाच प्रतिसाद आढळला. चारातला एक.

जड मेंदूतून अनुभव उमलतो कसा, याचे उत्तर अजून आलेले नाही. मेंदूतली जाणिवेची नेमकी खूण २५ वर्षांत सापडेल, अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी १९९८ मध्ये लावली होती. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ती हरल्याचे मान्य केले. तरी इकोनोमोंपासूनच्या या शतकाने एक गोष्ट पक्की केली आहे. जाणीव ही शरीरात एकदा ठेवलेली आणि मरेपर्यंत तशीच राहणारी वस्तू नाही. ती मेंदूला क्षणोक्षणी घडवावी लागते. त्यासाठी तळाशी चेतवणारा गाभा लागतो, वर पेशींची वैविध्याने भरलेली हालचाल लागते, आणि यातले काहीही बिघडले की ती मावळते. जी गोष्ट अशी घडवली जाते, ती कशी घडते हे विचारणे निरर्थक असू शकत नाही. प्रत्येक पिढीने तो एक अवाढव्य प्रश्न फोडून त्यातला एक सुटणारा तुकडा वेगळा काढला, आणि म्हणूनच उरलेला भाग आज आधीपेक्षा स्वच्छ दिसतो.

या ज्ञानासाठी आपण ज्यांचे ऋणी आहोत, ते रुग्ण बहुतेक निनावी राहिले. व्हिएन्नात घास तोंडात घेऊन झोपलेल्यांपासून स्कॅनरमध्ये मनातल्या मनात टेनिस खेळलेल्या तरुणीपर्यंत, प्रत्येकाने आपल्या आजाराची किंमत मोजून मेंदूतली एकेक वाट दाखवली. ते ऋण फेडण्याचा मार्ग स्पष्ट आहे. निपचित रुग्णाची अशी तपासणी आज मोजक्या ठिकाणीच होते. ती अतिदक्षता विभागाच्या नेहमीच्या कामाचा भाग झाली पाहिजे. तसे होईपर्यंत डॉक्टरांनी आणि नातेवाइकांनी त्या खाटेशी बोलताना, रुग्ण ऐकतो आहे असे धरूनच बोलावे. चारातला एक खरोखर ऐकत असतो, आणि तो कोण हे नुसते पाहून कुणालाच सांगता येत नाही.